एलेना काकूंसोबत मतदानाला: मॉरिसव्हिल ते वॉशिंग्टन

नोव्हेंबरातल्या एका रविवारी गाडी काढली ती फिरायला नाही, दुसऱ्याच्या देशाच्या मतदानासाठी. शेजारच्या एलेना काकू मूळच्या चिलीच्या. त्यांच्या देशात परदेशातूनही मत देता येतं, पण केंद्रावर जावं लागतं, आणि आम्हाला जवळचं केंद्र म्हणजे वॉशिंग्टन. काका होते तोवर ते न्यायचे. आता काका नाहीत, म्हणून मी. सोबत काकूंचा नातू मातेओ, सान्तियागोहून इथे शिकायला आलेला. त्याचं हे पहिलंच मतदान. दोघांनी मिळून मत द्यायचं, हे काकूंनी वर्षभर मनाशी धरलं होतं.

जाणार असाल तर सांगते, आय-९५ वर फ्रेडरिक्सबर्गपाशी गाडी अडकतेच. रविवारी शहरात पार्किंग मिळतं, पण पाटी दोनदा वाचा. आम्ही रिचमंडच्या अलीकडे थांबून माझ्या तिखट पुऱ्या आणि काकूंच्या एम्पनादा खाल्ल्या. करंजीत खिमा भरावा तसा प्रकार, झकास लागतो. तिथे काकूंनी भावाचा फोटो दाखवला. लष्करी राजवटीत त्याला घरातून उचललं होतं. निवडणुका घ्या म्हणाला, एवढाच गुन्हा. पुढे लोकशाही परतली, देश सुधारला, भाऊ काही सापडला नाही. मातेओला नाव त्याचंच दिलंय.

केंद्राबाहेर लांब रांग होती, लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मी बाकावर बसून राहिले. नागपूरची माझी आई मतदानाला ठेवणीतली साडी नेसायची. इथली सिटिझनशिप घेतल्यापासून माझं तिथलं मत गेलं, त्याची हळहळ त्या दिवशी जास्तच झाली.

दोघं बाहेर आले. आपल्याकडे जेवलास का विचारावं इतक्या सहज विचारतात, तसं मी विचारलं, "काय मातेओ, कुणाला दिलंस?"

काकू दचकल्या. त्यांच्या घरात हा प्रश्न कुणीच विचारत नाही. लष्करी राजवटीच्या काळात पडलेली सवय.

मातेओने नाव सांगितलं. लष्करी राजवटीचे गोडवे गाणारा उमेदवार.

"रागावू नकोस, आजी. रस्ते, नोकऱ्या, सगळ्याचा पाया तेव्हाच पडला ना?"

"त्या पायाखाली कोण गाडलंय, ते अजून कुणी सांगितलं नाही मला," काकू म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मातेओ मागे हेडफोन लावून बसला. काकू खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. मला स्वतःच्या तोंडाचा भयंकर राग आला.

"सॉरी काकू, मी विचारायलाच नको होतं."

"बरं केलंस, सुजाता. कुणाला मत दिलं ते माणसाने न घाबरता सांगावं, भावाला एवढंच हवं होतं. आज मातेओने सांगितलं."

घरी येऊन आठवडा झाला. वॉशिंग्टनमधलं एकही स्मारक पाहिलं नाही, ते वाक्य तेवढं डोक्यातून जात नाही. कुणालाच बहुमत मिळालं नाही, त्यामुळे महिन्याभराने मतदानाची दुसरी फेरी आहे. काल काकू दाराशी आल्या, डोळे सुजलेले.

"पुन्हा ड्राइव्ह करशील ना? आम्हा दोघांना?"

"मातेओलाही?"

"तो माझं मत खोडायला येणार," काकू म्हणाल्या. "तरी त्याला नेलंच पाहिजे."