शेवंताबाईंचा आवाज नागपूरला कसा गेला

चि. ईशान आणि चि. मीरा,

तुम्ही ईमेलने पाठवलेलं रेडिओवरचं गाणं मी तीनदा ऐकलं. पहिल्यांदा तुमच्या कौतुकाने, दुसऱ्यांदा शंका आली म्हणून आणि तिसऱ्यांदा खात्री करायला. 'आजी, यात तुझं लालबाग-परळ आहे आणि टाळ्या तर सगळ्यांत भारी, आम्ही गाडीत वाजवत जातो,' असं मीराने लिहिलं होतं. रेडिओवाल्यांना कळवलं तर ते आपल्या गावाच्या नावाचंही करून देतील का, असं ईशानने विचारलं होतं. करून देतील. पुण्याचं, नाशिकचं, नागपूरचं त्यांनी केलेलंच आहे. चाल तीच, टाळ्या त्याच, नावं फक्त बदलायची. तुम्ही त्यांना कळवण्याआधी, मी एका मंगळवारी गिरगावातून निघून कुठे गेले आणि काय ऐकून आले, ते तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते आहे. उत्तराला इतका उशीर झाला, तोही त्याचमुळे. तुमच्यावर रागावलेली नाही. राग आहे, पण तो दुसऱ्या पत्त्यावरचा आहे.

त्या गाण्यात मधूनमधून एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज येतो. सगळे टाळ्या वाजवतात, आणि मग एकटी बाई जागेचं नाव घेते. तो आवाज शेवंताबाईंचा. गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी परळच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. शेवंताबाईंचे यजमान साचेखात्यात (गिरणीतल्या मागांच्या विभागात) होते. संप लांबला, मुलं डब्याशिवाय शाळेत येऊ लागली, तेव्हा चाळीचाळींतल्या बायका मूठमूठ धान्य गोळा करून अंगणात एकच डेग शिजवू लागल्या. दोघी जुनं पातळ पसरून धरायच्या, शेवंताबाई पुढे गात जायच्या. 'कुणाची मूठ गं, कुणाची मूठ? तेलवाल्या चाळीची.' चाळ बदलली की नाव बदलायचं. शनिवारी अर्धी शाळा सुटली की मीही त्यांच्यामागून चालत असे. आता रेडिओवर 'कुणाची रात रे, कुणाची रात' असं झालं आहे. मुठीची रात्र केली आहे.

गाणं ऐकल्यावर मी शेवंताबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "या बाई. मीच बोलावणार होते. घरात भांडण लागलंय."

निघताना पिशवीत पाण्याची बाटली, चष्मा आणि एका कागदाची झेरॉक्स घेतली. त्या कागदाबद्दल पुढे लिहीन. ते लिहायला मला जड जातं आहे.

खोताच्या वाडीच्या तोंडाशी बस मिळाली, खिडकीही मिळाली. भायखळा मागे पडला आणि बस उड्डाणपुलाखालून लालबागला आली, तशी मसाल्याच्या गल्लीतून मिरची कुटल्याचा खाट (नाकात बसणारा ठसका) आत आला आणि सगळी बस शिंकू लागली. कंडक्टर नाकाला रुमाल लावून म्हणाला, "चला, लालबाग आलं, सांगायची गरज नाही." एवढी एक गोष्ट बदललेली नाही, म्हणून मी त्या ठसक्यावर रागावले नाही.

शेवंताबाईंच्या चाळीच्या जागी टॉवर आहे. मी सरळ त्याच्या फाटकाशी गेले. रखवालदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"किसके यहाँ?"

"शेवंताबाई परब. आठवा मजला."

"वो रिहॅब में. पीछे का गेट."

चाळीच्या जागेवर उभारलेल्या इमारतीत चाळीतल्यांना मागून जावं लागतं. पुनर्वसनाची इमारत टॉवरच्या पाठीला चिकटून उभी आहे आणि तिथल्या निम्म्या खिडक्यांसमोर मोटारी ठेवायचे मजले आहेत. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मजल्यावर बसत मी वर पोचले.

शेवंताबाईंनी आधी पाणी दिलं, मग घावणे आणि सांबारा (काळ्या वाटाण्याची आमटी) वाढला, आणि मी जेवत असताना भांडण सांगितलं. त्यांची भाची लग्न होऊन नागपूरला असते. तिने रेडिओवर आत्याचा आवाज ऐकला, 'नागपूरची' म्हणताना. आत्या नागपूरला येऊन गाणं म्हणून गेली आणि पायरीसुद्धा चढली नाही, म्हणून भाचीने फोन करून हवं ते सुनावलं आणि बोलणं टाकलं.

"मी तिला सांगतेय, अगं थंय मी कधी जाऊक नाय. तर म्हणते, आत्या, कानाने ऐकलं ते खोटं का?" शेवंताबाईंनी मला आणखी एक घावणा वाढला. "खावा बाई, नाही म्हणू नका. माझं म्हणणं एवढंच. माझा आवाज तिथनं काढा. मी गेले नाही त्या गावाचं नाव माझ्या तोंडात नको."

यात दोष माझाही होता. मागच्या वर्षी रेडिओवाले 'गिरणगावच्या आठवणी' रेकॉर्ड करायला आले, तेव्हा त्यांनी एका इंग्रजी कागदावर सही मागितली. शेवंताबाईंनी तो आधी माझ्याकडे पाठवला. तेवढा विश्वास. मी तो शाळेचा पेपर तपासावा तसा वाचला. इंग्रजी निर्दोष होतं, म्हणून मला कागदही निर्दोष वाटला. "करा सही," असं मी फोनवर सांगितलं. त्याचीच झेरॉक्स पिशवीत होती.

आम्ही टॅक्सीने लोअर परळला, रेडिओवाल्यांच्या ऑफिसला निघालो. अर्ध्या वाटेत टॅक्सीतल्या रेडिओवर तेच गाणं लागलं. मी ते बंद करायला सांगितलं, तर ड्रायव्हर म्हणाला, "माताजी, हिट है. मेरी बेटी इसपे नाचती है." आणि आवाज वाढवला. शेवंताबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "नाचू दे. पोरीचा काय दोष?"

रेडिओचं ऑफिस गिरणीच्या जुन्या आवारात आहे. धुरांडं शोभेला ठेवलं आहे, त्याला रोज रात्री रंगीत दिवे लावतात म्हणे. दारात आमचे फोटो काढून गळ्यात पास अडकवले. शेवंताबाईंचा फोटो डोळे मिटलेला आला. दुसरा काढा म्हटलं, तर सिस्टिम घेत नाही म्हणाले.

भेटायला आलेल्या बाईंचं नाव ऋजुता. तिशीच्या, बोलायला गोड. त्यांनी खुर्च्या दिल्या आणि कॉफी मागवली, हे मी नमूद करते.

"आजी, तुम्ही स्वतः आलात, किती छान. तुमचा आवाज आमचा यूएसपी आहे."

"नागपूरचं लाव जरा," शेवंताबाई म्हणाल्या.

त्यांनी लावलं. कुणी तरुण गायक विचारतो, 'कुणाची रात रे, कुणाची रात?' आणि मग शेवंताबाईंचा आवाज, स्पष्ट, 'नागपूरची.'

"मी ह्यां म्हणूकच नाय."

"टेक्निकली तुमचाच आवाज आहे आजी," ऋजुताबाई कौतुकाने म्हणाल्या. "तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये चाळींची नावं घेतली होती ना? 'नागोबाच्या चाळीची' मधलं 'नाग' घेतलं, 'कोल्हापूरकरांची' मधलं 'पूर'. आमचा एडिटर त्यावर तीन दिवस बसला होता. जोड कुठे आहे ते कळतच नाही."

"नागोबाच्या चाळीत आमची पहिली डेग लागली," शेवंताबाई म्हणाल्या. "ती चाळ अर्धी कापून नागपुराक दिलात?"

"पण लोकांना किती आपलं वाटतं बघा. प्रत्येक शहराला वाटतं की गाणं आपल्यासाठीच आहे."

"आमच्यात ज्या दारात उभं राहिलं, त्याचंच नाव घेतात. फाटकातनं ओरडून नाव घेतलेलं चालत नसे. तुमच्यातलं कोण उभं राहिलं नागपूरच्या दारात?"

यावर ऋजुताबाई हसल्या. मी झेरॉक्स काढून म्हटलं की कागदात आठवणींचा उल्लेख आहे, नव्या गाण्याचा नाही. त्यांनी पेन्सिलीने एक ओळ दाखवली. 'सर्व रूपांत, सर्व ठिकाणी, कायमस्वरूपी,' असा तिचा अर्थ होतो. ती ओळ मी मागच्या वर्षी वाचली होती, आणि आवडलीही होती. किती आटोपशीर लिहिलं आहे, असं मनात आलं होतं. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला त्या क्षणी कुठे पाहावं ते कळेना. शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ही त्यांची कृपा.

मग ऋजुताबाईंनी विचारलं, "बरं आजी, टाळ्यांची आयडिया मूळ तुमचीच ना? त्याच तर हिट झाल्यात."

शेवंताबाईंनी कॉफीचा कप बाजूला ठेवला, टेबलावर माझा रुमाल पसरला आणि त्यावर आपली मूठ धरली.

"हे पातळ समज. दारातनं बाई आली, मूठ धरली. कुणाच्या मुठीत तांदूळ, कुणाच्या मुठीत काही नाही. संपाला सहा महिने झाले की कुणाच्या डब्यात काय असणार? पण ज्यांच्याकडे नाही त्यांनी दार लावून बसायचं का? तर तिनेही यायचं, रिकामी मूठ धरायची आणि उघडायची. आणि मूठ उघडायच्या वेळी आम्ही सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवायच्या, तीन. दाणे पडले की नाही, ते कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. बघायचं पण वर. मग नाव घ्यायचं. रिकामी मूठ असली तरी नाव घ्यायचं."

मीरा, तू गाडीत वाजवतेस त्या टाळ्या या. मी इतके शनिवार त्या बायकांच्या मागे चालले, टाळ्या वाजवल्या, आणि मलाही हे त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मला ते ठेका धरणं वाटे. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी पगार असलेल्या घरातली होते.

ऋजुताबाईंनी टेबलावरच्या रुमालाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरं होतं. मग त्या म्हणाल्या, "आजी, हे इतकं पॉवरफुल आहे. हे असंच परत सांगाल? आपण याचा प्रोमो करू. प्रत्येक शहरात गाण्याच्या आधी लावू."

शेवंताबाईंनी रुमाल उचलला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला.

"चला बाई."

लिफ्टमध्ये मी गळ्यातला पास ओढून काढला. त्या बाईंना वाईट म्हणता येत नाही, आणि मला राग येतो तो नेमका याचाच. त्यांना समजलं होतं. समजल्यावर पहिली गोष्ट सुचली ती विकायची.

दादरला एका खाणावळीत बसून आम्ही थालीपीठ मागवलं. मी म्हटलं, मी आज रात्रीच कडक पत्र लिहिते, अगदी वरच्या साहेबांना.

"इंग्रजीत नको," शेवंताबाई म्हणाल्या. "मागच्या खेपेला इंग्रजीनेच घोटाळा केला. मराठीत लिहा. जरा कष्ट पडू देत त्यांना वाचायला."

मी हसले, आणि मग तिथेच माफी मागितली. त्या लोण्याचा गोळा माझ्या पानात सारत म्हणाल्या, "तुम्ही वाचलंत बाई, मी सही केली. दोघी मिळून फसलो. आता लिहा."

वेटरकडून कागद मागून घेतला. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. मला चार कलमं हवी होती, शेवंताबाईंना एकच वाक्य हवं होतं, आणि शेवटी त्यांचंच राहिलं. 'मी ज्या गावी गेले नाही, त्या गावाचं नाव माझ्या आवाजात लावू नये.' खाली त्यांनी मराठीत सही केली. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ मघापासून ऐकत होते. ते म्हणाले, "वहिनी, पत्राला भीक घालत नाहीत हे लोक." शेवंताबाई त्यांना म्हणाल्या, "मग तुम्ही काय करता, थालीपीठ खाता?" पत्र तिथल्याच टपाल कचेरीतून रजिस्टर केलं आणि आम्ही आपापल्या बस धरल्या.

गिरगावात उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. एवढ्याशा प्रवासाने माझे पाय दोन दिवस दुखले. आयुष्यभर ज्या भागात ये-जा केली, तिथे मी कडेकडेनेच चालत आले होते, हे मला या वयात कळावं, याचंही वाईट वाटलं.

महिन्याने तीन ओळींचं उत्तर आलं, इंग्रजीत. शेवंताबाईंचा आवाज बाहेरच्या शहरांच्या गाण्यांतून काढला आहे, त्या जागी नवी गायिका घेतली आहे, मुंबईचं गाणं आहे तसं राहील. माफीचा शब्द नाही. मी ते त्यांना फोनवर वाचून दाखवलं, या वेळी प्रत्येक शब्दाला थांबून, दोनदा. भाचीलाही त्यांनी ते ऐकवलं म्हणे. ती बोलू लागली आहे, थोडी फुरंगटून.

तेव्हा ईशान, रेडिओला कळवू नकोस. त्या गाण्यात तुमच्या गावाचं नाव घालायला तुमच्या गावी कुणीही आलेलं नाही.

चाळ गेली, गिरणी गेली, डेग कुणी भंगारात दिली तेही आठवत नाही. शेवंताबाईंच्या इमारतीत जुन्या सहा जणी आहेत. गेल्या महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या एका घरातली नोकरी गेली, तेव्हा त्या सहाही जणी पातळ घेऊन, दारोदारी मूठ मागत, आठव्या मजल्यापासून खाली उतरत गेल्या. लिफ्ट बंदच होती. सगळी दारं उघडली.