विहिरीच्या पाण्याचा रंग

उजेडकाका माणसाचा चेहरा शेवटी बघायचे. आधी दात. मी पहिल्यांदा त्यांच्या खोलीत गेले तेव्हा "या" नाही, "बसा" नाही. "खिडकीशी उभ्या राहा, ओठ वर करा," एवढंच म्हणाले. नाशिकच्या दातांच्या डॉक्टरांना कृत्रिम दात करून देणारे ते कारागीर. दाताचा रंग दिवसाच्या उजेडातच ठरवायचा, हा त्यांचा हट्ट. म्हणून पेशंटला रविवार कारंजा चौकाजवळच्या त्यांच्या माडीवर जावंच लागे. आभाळ आलं असलं तर सरळ परत पाठवत. नाव त्यावरूनच पडलेलं.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. नांदगावजवळच्या खेड्यातून येऊन बी.ए., बी.एड. केलं, मुलींच्या शाळेत लागले, भाड्याच्या खोलीत एकटी राहू लागले. हे मी अभिमानानेच सांगते. पण लहानपणी विहिरीच्या कठड्यावर आपटून समोरचा दात अर्धा तुटला होता, उरलेला काळा पडला होता. शिकवताना हात तोंडाशी जायचा. मुली त्याची नक्कल करत. शिक्षकांच्या खोलीत मी कुणाशी बोलत नसे. वडील म्हणाले, "सोन्याचा बसव पोरी, लय भारी दिसतो." मला तो नको होता.

सोन्याचं, स्टीलचं नाव काढलं की काका वैतागत. "आत धातू घातला की वर चिनीमाती चढवूनही दात मेलेलाच दिसतो. हिरडीपाशी काळी रेघ येते. नुसत्या चिनीमातीचा केला तर उजेड आत शिरतो, खऱ्या दातात शिरतो तसा. हिरडीही रुसत नाही." आणि लगेच बजावत, "सुपारी फोडाल तर फुटेल. मग मला बोल लावायचा नाही."

आमचं बिनसलं ते रंगावरून. नमुन्याच्या दातांची पट्टी माझ्या ओठांशी धरून ते म्हणाले, "विहिरीचं पाणी प्यायलात ना? पिवळसर ठिपके आहेत. एक बारीकसा यावरही टाकतो."

मला राग आला. "काका, मी गाव सोडून शिकले. गावचे डाग पुन्हा कशाला? पांढरा करा."

"आणि शेजारचे दात? ते गावचेच आहेत, बाई."

"पांढराच."

त्यांनी केला. डॉक्टरांनी बसवला, पण काकांच्या सांगण्यावरून कच्चाच, पुन्हा काढता येईल असा चिकटवला. दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुमचा एकच दात नवा आहे का?" वर्ग हसला. हात पुन्हा तोंडाशी.

आठवडाभर ताठ्यात काढला, मग गेले. काका उठले. फडताळातून एक डबी काढली. झाकणावर 'नांदगाव' लिहिलेलं. आत दुसरा दात, कडेला फिकट ठिपका असलेला. "तेव्हाच दोन केले होते. शिकलेली माणसं एक फेरी जास्त मारतात." तो बसवल्यावर आरशात नेमका कोणता, हे मलाच शोधावं लागे.

पुढे शनिवारी दुपारी मी उगीचच तिकडे जाऊ लागले. ते चहा टाकत. एकटे होते, काकू गेल्याला बरीच वर्षं झालेली. भिंतीभर लोकांच्या दातांचे प्लास्टरचे साचे. एकदा विचारलं, "यात काकूंचा कुठला?"

"तिचा नाही. घरचीच, म्हणून राहून गेलं." ब्रश धुताधुता म्हणाले, "ती हसताना पदर घ्यायची. तिच्या दातांचा रंग कोणता, विचाराल तर मला सांगता येणार नाही."

संस्थेने माझी देवळ्याला बदली केली. निरोप घ्यायला गेले तेव्हा काका म्हणाले, "एकदा खिडकीशी उभं राहून हसा. मी तुम्हाला हसताना पाहिलंच नाही." सांगितल्यावर कुठलं हसू येतंय? मी तशीच उभी राहिले. ते गंभीरपणे वाट बघत राहिले, आणि त्या वाट बघण्याचंच मला हसू आलं. हात खालीच राहिले. "जमलाय," ते म्हणाले आणि कामाकडे वळले.

दिवाळीत आले तर माडीला कुलूप. खालच्या बाई म्हणाल्या, "श्रावणातच गेले हो. साचे कुणी न्यायला आलं नाही, टाकून द्यावे लागले."

दात अजून शाबूत आहे. देवळ्यात मी वर्गात मोकळेपणी हसू लागले, शिक्षकांच्या खोलीतही. हा दात माझा नाही, अशी शंकाही कुणाला येत नाही. कधीतरी कुणाला तरी यावी, म्हणजे मला काकांचं नाव काढता येईल.