बिनपाण्याचा कढीपत्ता

जामखेडच्या आमच्या गल्लीत टँकरचंच पाणी. म्हणून अंगणात उसाचं पाचट अंथरून मी बिनपाण्याची बाग केली. येईल त्याला कढीपत्ता दाखवून सांगायचो, "याला थेंबभर पाणी घातलं नाही!" शेजारच्या मावशी मात्र न विचारता रोज त्याची पानं न्यायच्या. माझं डोकं फिरायचं. यंदा उन्हाळा लागताच मी त्याच्याभोवती बाभळीचे काटे लावले.

बघता बघता कढीपत्ता वाळला. उन्हाला शिव्या देत मी तो उपटत होतो, तेव्हा मावशी हळहळल्या. "पाला फुकट कसा न्यायचा, म्हनून भाजी धुतलेलं पानी रोज घालीत हुते मी. काटं लावल्यावर म्हनलं, तुमाला आवडत न्हाई."

पाहुणे अजून कढीपत्त्याचं विचारतात. मी अजून उन्हाचंच नाव सांगतो.