नांगर सरकत होता

हे मी घरी बोललो नाही, हॉस्टेलवरही नाही. आज बोलतोय — तेही आडवळणानेच.

या सत्रात आम्हाला विश्वाच्या आरंभापासून उरलेलं प्रारण — रेडिएशन — शिकवलं. ते सगळ्या आकाशातून येतं. पण एका बाजूने किंचित उष्ण, विरुद्ध बाजूने किंचित थंड — म्हणजे आपण वाहतोय. सूर्यासकट. सर म्हणाले, "शेजाऱ्याकडे बघून हे कळायचं नाही, तोही तुमच्याबरोबरच निघालाय!" वर्ग हसला. मला एक होडी आठवली.

मी पूर्णगडचा. बाबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. बारावीच्या सुट्टीत एका दुपारी आम्ही खडपांजवळ, पाण्यातल्या खडकांपाशी, नांगर टाकून होतो. बाबा आणि त्यांचा चुलतभाऊ सदाकाका जरा आडवे झाले होते. माझं काम एकच — किनाऱ्यावरच्या खुणा बघायच्या. किल्ल्याचा बुरूज आणि मागचा माड एका रेषेत, तर होडी जागेवर. रेष मोडली, की हाक मारायची.

मी मोबाईल बघत होतो. मधूनच मान वर करून शेजारच्या होडीकडे बघायचो. अंतर तेवढंच. मग किनारा कशाला बघू? ती होडी तिच्या जाळ्याबरोबर वाहत होती — हे मला माहीत नव्हतं का? होतं.

आमचा नांगरही तळावरून सरकत होता; आम्ही खडपावर आदळलो. होडी ढकलायला गेलेल्या सदाकाकाचा पाय मध्ये चिरडला. धक्क्याने नांगराच्या दोराची होडीवरची गाठ सुटली, दोर नांगरासकट बुडाला.

"खुणा बघत होतास ना?" बाबांनी विचारलं.

"जुळत होत्या. एकदम गाठ सुटली."

गाठ सदाकाकाने मारली होती. आदळेपर्यंत ती शाबूत होती — मी पाहिली होती.

तेव्हापासून त्याला कुणी होडीवर घेत नाही. पायामुळे नाही, गाठीमुळे.

सरांना मी विचारलं, हे प्रारण म्हणजेच खरा स्थिर किनारा का? ते म्हणाले, निसर्गाचे नियम कुठल्याच चौकटीला, म्हणजे जिथून बघतो त्या जागेला, झुकतं माप देत नाहीत. पण आपली चाल मोजायला ही चौकट सगळ्यांनाच सापडते. मी त्या उत्तराच्या पहिल्या अर्ध्याला चिकटलो. त्या होडीच्या चौकटीत मी स्थिरच होतो ना? — पण बाबांनी त्या होडीचं विचारलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात मी सुट्टीला गावी होतो, तेव्हा सदाकाका लंगडत घरी आला. "बाबू, तू शिकलेला. सांग बघू, माझी गाठ सुटली कशी?"

मी वहीचं पान फाडलं. दोर काढला, ताणाचे बाण काढले. ओली गाठ कशी ढिली पडते, ते सावकाश समजावलं.

"म्हणजे माझंच चुकलं," तो म्हणाला. पान घडी घालून खिशात ठेवलं.

मी मान डोलावली.