चौकाबाऱ्याचा तास

शंक्रव्वा हूगार म्हणजे तिसरीच्या बाई, पोरांच्या तोंडी अक्कोरु. त्यांचा वर्ग कुणी बाहेरून पाहिला तर शाळेला सुटी आहे असंच वाटावं. फरशीवर चुन्यानं आखलेला चौकाबाऱ्याच्या खेळाचा भलामोठा पट, भोवती पोरं, आणि कवड्यांचा खुळखुळाट.

शाळेत संगणक एकच, तोही वीज असली तर चालणार. त्याची वाट बघत बसणारी ही बाई नव्हे. हार ओवणाऱ्या घरात वाढलेली. दोन शेवंत्या, एक पान, पुन्हा दोन शेवंत्या. संगणकाला सांगायचं ते असंच, एकेक पायरी, काही न गाळता. म्हणून पोरं खेळाच्या सूचना पुठ्ठ्यांवर लिहायची, एकजण सोंगटी व्हायचा, आणि पुठ्ठ्यावर असेल तेवढंच चालायचा. बेरीज-वजाबाकी त्यातच उरकायची.

शाळा समितीचे अध्यक्ष बसलिंगप्पा मात्र बिथरले. देवळाच्या कट्ट्यावर रोज दुपारी चौकाबारा कुटणारा माणूस, आणि म्हणे शाळेत कवड्या नकोत! शनिवारी ते शिपायाला घेऊन आले, पाण्याची बादली आणि खराट्यासकट. हुकूम सुटला, आता फरशी धुवायची, या तासाला पाढे घोकायचे. अक्कोरुंची दोन वर्षांची मेहनत एका बादलीत वाहून जाणार होती.

त्यांनी एवढंच मागितलं, की आधी एक डाव होऊ द्या, आणि सोंगटी तुम्हीच व्हा. बसलिंगप्पा, पोरांचे अज्जा म्हणजे आजोबा, धोतर सावरत पटाच्या पहिल्या घरात उभे राहिले.

पोरांनी कवड्या टाकल्या, पुठ्ठे वाचले, अज्जा चालले. बाहेरची फेरी संपली. पुढचा पुठ्ठा म्हणाला, आत वळा. अज्जा हलेनात.

"आत कसा वळू? अजून एकही सोंगटी मारली नाही मी."

पोरं पुठ्ठे उलटेपालटे करून बघू लागली. मारल्याशिवाय आत जायचं नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठाऊक होतं म्हणूनच कुणी लिहिलं नव्हतं, आणि अक्कोरुंच्याही ते नजरेतून सुटलं होतं. आता संपलंच, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात सिद्दव्वा उठली. ही पोर वर्गात तोंड उघडायची नाही.

"अज्जा, तुम्हाला माहीत आहे. संगणकाला कुठं माहीत आहे? आमचंच चुकलं, थांबा."

तिनं नवा पुठ्ठा लिहिला: मारलं असेल तर आत वळा, नसेल तर पुन्हा बाहेरून फिरा. अक्कोरुंनी एक शब्द सांगितला नव्हता. त्यांचा ऊर असा भरून आला की त्या उगाच खिडकीकडे वळल्या.

अज्जा दुसऱ्या फेरीला निघाले. समोरच्या गटाची सोंगटी झालेला ईरण्णा त्यांच्यापुढे सात घरांवर उभा; त्याला मारलं की आत वळता येणार. चार कवड्यांत सात कधी पडत नाहीत. अज्जांनी सिद्दव्वाकडे बघून भुवई उडवली.

"आधी चौका पाडायचा," ती म्हणाली, "म्हणजे पुन्हा टाकायला मिळतं. मग तीन."

पोरांनी कवड्या टाकल्या, आणि खरंच चौका पडला! अज्जा चार घरं पुढे गेले आणि घंटा झाली. पोरं उठायला लागली.

"बसा रे," बसलिंगप्पा गरजले. मग शिपायाकडे वळून म्हणाले, "ती बादली झाडांना घाल. आणि सोमवारी रंगवाल्याला बोलव, तेलाचा रंग घेऊन. चुना किती दिवस टिकणार?"

जागचे न हलता त्यांनी पोरांकडून कवड्या घेऊन हात पुढे केला. "अक्कोरु, टाका आता तुम्हीच. तीन पाहिजेत."