जावयाने उचलायचं नाही

बाबा पुण्याहून आमच्याकडे ख्राइस्टचर्चला आले तेव्हा त्यांना डोंगर दाखवायला आम्ही कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली. कल्पना नवऱ्याची. मला हॉटेल चाललं असतं, खरं तर हॉटेलच हवं होतं, पण त्याला या चाकांवरच्या घराचं फार अप्रूप. आत गॅस, बेसिन, छोटा फ्रिज, टेबल मोडून होणारा पलंग, आणि गॅसपासून हातभर अंतरावर एक अरुंद दार. त्या दारामागे संडास. बाबांनी ते दार उघडून आत पाहिलं, बंद केलं आणि "सोय चांगली आहे" म्हणाले. त्यांनी एखाद्या गोष्टीला 'सोय चांगली आहे' म्हटलं की ती त्यांना पसंत नाही हे मला लहानपणापासून कळतं.

या संडासाखाली प्लास्टिकची एक टाकी असते. तिला प्रवासी बॅगेसारखी दांडी आणि चाकं असतात. टाकी भरली की दाराशी लाल दिवा लागतो. मग बाहेरच्या बाजूची झडप उघडून ती ओढून काढायची आणि डंप स्टेशनवर नेऊन रिकामी करायची. डंप स्टेशन म्हणजे तरी काय, सिमेंटच्या ओट्यात बसवलेलं गटाराचं तोंड, त्यावर झाकण आणि शेजारी टाकी धुवायचा नळ. इथे ती बऱ्याच गावांत असतात, आणि इथले लोक त्यांच्याबद्दल आपण चांगल्या भाजीवाल्याबद्दल बोलावं तितक्या मोकळेपणाने बोलतात. कुठलं स्वच्छ, कुठल्याचा नळ जोरात येतो, कुठे वळायला जागा नाही, सगळं सांगतात आणि तेही जेवताना.

गाडी देणारा माणूस म्हणाला होता, तिघांना ही टाकी दोन-तीन दिवस सहज पुरेल. त्याने आपल्या माणसांचा विचार केला नव्हता. कागदाने भागवणाऱ्यांची टाकी निराळी आणि पाण्याशिवाय ज्यांचं पान हलत नाही त्यांची निराळी. बाबांनी तर बॅगेतून स्वतःचा स्टीलचा तांब्या आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकापोच्या तळ्याकाठी लाल दिवा लागला.

नवऱ्याने लांब रबरी हातमोजे चढवले, टाकी बाहेर काढली आणि ती खडखडत ओढत निघाला. वाटेत दिसेल त्याला गुड मॉर्निंग. बाबा तळ्याकडे तोंड करून खुर्ची टाकून बसले होते. आवाज ऐकून त्यांनी मान वळवली आणि पुन्हा तळ्याकडे पाहायला लागले. त्यानंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. तळंच तसं होतं, निळं आणि गप्प करणारं, म्हणून मला त्यात वावगं वाटलं नाही.

पुढचे दोन दिवस सुंदर गेले. माउंट कुकचं शिखर पूर्ण उघडं दिसलं, जे आम्ही इतकी वर्षं इथे राहून एकदाच पाहिलं होतं. नवऱ्याने गाडीत कांदेपोहे केले, चुकून दोनदा मीठ घातलं, आणि बाबांनी "जमलेत हं" म्हणत बशी संपवली. पहाटे उठून बाबा लांब फिरायला जायचे. कॅम्पच्या टोकाशी सार्वजनिक संडास होता, तिथवर. मला वाटलं, त्यांना हवा मानवली.

परतीच्या दिवशी आम्ही डोंगर उतरून सपाटीला लागलो. हा सगळा भाग परातीसारखा सपाट. दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडांच्या भिंती, मधे गायी, आणि शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाकांवर उभे असलेले पाणी शिंपडायचे लांबच लांब पाइप. त्या दिवशी डोंगराकडून गरम, कोरडा वारा सुटला होता. तो सुटला की माणसांची डोकी फिरतात असं इथे सगळे सांगतात. माझं डोकं फिरायला वारा लागत नाही, पण त्या दिवशी तोही होता.

पुन्हा लाल दिवा लागलेला होताच. "पुढच्या गावात आहे डंप स्टेशन," नवरा म्हणाला. "अ‍ॅपवर दाखवतंय."

गाव छोटंसं. एक सरळ रस्ता, त्यावर युद्धस्मारक, एक चर्च, खिम्याचे 'पाय' आणि आइस्क्रीम विकणारं एक कोपऱ्यावरचं दुकान, ज्याला इथे डेअरी म्हणतात, ट्रॅक्टरचं एक भलंमोठं दुकान. अ‍ॅपने आम्हाला रग्बीच्या मैदानामागे नेलं. तिथे कुत्र्यांचं प्रदर्शन भरलेलं, वाटेवरच तंबू ठोकलेले, आणि डंप स्टेशनचा पत्ता नाही. नवऱ्याने गाडी कडेला घेतली आणि चौकशीला उतरला.

मी मागे वळून पाहिलं तर बाबा टेबलाशी कमरेच्या उजव्या बाजूला मूठ दाबून बसले होते. चेहरा ओढलेला. त्यांच्यापुढे सकाळी मी भरून दिलेली पाण्याची बाटली होती. ती भरलेलीच होती.

आता इथे सांगायला हवं की बाबांना दोन वर्षांपूर्वी मूतखडा झाला होता. तेव्हा पुण्यात त्यांना अ‍ॅडमिट करावं लागलं आणि मी इथून विमानात बसेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. डॉक्टरांनी एकच बजावून सांगितलं होतं, पाणी पीत राहा. मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. लोकांना पाणी प्या म्हणून सांगणं हे माझं रोजचं काम. आणि माझे स्वतःचे वडील माझ्या पाठीमागे तीन फुटांवर कोरडे बसले होते.

"बाबा, तुम्ही सकाळपासून पाणी प्यायला नाहीत?"

"तहान नाही गं."

"काल?"

"काल प्यायलो की. चहा झाला."

"बाटली उचला आणि प्या."

"पिईन. त्यांना येऊ दे."

"त्यांचा काय संबंध? तुम्हाला पाणी प्यायला जावई लागतो?"

बाबा खिडकीबाहेर बघत, एका कुरळ्या केसांच्या कुत्रीला उद्देशून बोलावं तसे म्हणाले, "मी प्यायलो की मला जावं लागतं. दर वेळी बाहेर कुठे जागा सापडते असं नाही. गाडीत गेलो की ती टाकी भरते. आणि ती टाकी ते उचलतात."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. पहाटेची ती लांब फेरी, न संपणारी बाटली, प्रत्येक गावात 'जरा पाय मोकळे करतो' म्हणून उतरणं. पाय मोकळे करायला नव्हे, सार्वजनिक संडास शोधायला उतरत होते. आणि आज निघाल्यापासून वाटेत एकही सापडला नव्हता.

"मग काय झालं उचलली तर?" माझा आवाज चढला. "गाडी कुणी घेतली? टाकी उचलायची हे घेतानाच ठरलं होतं. तो काय तुमच्यावर उपकार करतोय का?"

"अगं, तुला कळत कसं नाही?" आता बाबाही चिडले. "लग्नात मी त्यांचे पाय धुतलेत. त्या माणसाने माझी घाण हातात धरून चारचौघांतून न्यायची? आणि वर लोकांना गुड मॉर्निंग म्हणायचं?"

हे ऐकून मला एकदम हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. बाबा तसे जुन्या वळणाचे नाहीत. आई गेल्यावर स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात, देवाचं फारसं काही करत नाहीत. पण जावई म्हटला की त्यांच्यातला कुणी आजोबा-पणजोबा जागा होतो. अधिक महिन्यात त्यांनी पुण्याहून कुरिअरने अनारसे पाठवले होते. ते इथे पोचेपर्यंत त्यांचा पार चुरा झाला. नवऱ्याने तो चमच्याने खाल्ला आणि फोनवर "फार खुसखुशीत होते" म्हणाला. अजूनही ते त्याला अहो-जाहोच करतात. त्याने कितीदा सांगून पाहिलं.

"दुखतंय किती?" मी विचारलं.

"तेवढं नाही. जड वाटतंय."

"ताप? मळमळ?"

"नाही गं बाई."

"ऐका. आत्ता पाणी प्यायला सुरुवात केली नाहीत तर इथून सरळ हॉस्पिटल. मग तिथल्या नर्सने भांडं धरलेलं चालेल का तुम्हाला?"

"नर्स जावई नाही," बाबा म्हणाले. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

तेवढ्यात नवरा परत आला. कुत्रं घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंनी त्याला सगळं नीट सांगितलं होतं. जुनी जागा बंद झाली, आता गुरांच्या बाजाराच्या मागे नवीन केलीय, मोठी आहे, नळही जोरात येतो. "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या भाषेत झकास, असं तो त्या बाईंना म्हणून आला होता आणि ते तो गाडीत बसतानाही पुटपुटत होता. मग त्याने आम्हा दोघांची तोंडं पाहिली. "काय झालं?"

बाबांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. सगळं सांगून टाकलं, पाय धुतल्यापासून भांड्यापर्यंत. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

मला वाटलं आता नवरा समजूत घालेल. अहो बाबा, त्यात काय एवढं, मी तुमच्या मुलासारखा, वगैरे. असं काही बोलला असता तर बाबांनी ख्राइस्टचर्च येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घेतला नसता. पण तो नुसता "हं" म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.

गुरांच्या बाजारामागे खरंच ऐसपैस जागा होती. लाकडी कठडे रिकामे, वाऱ्याने पत्रे वाजत होते. आमच्याशिवाय कुणी नव्हतं. नवरा उतरला, झडप उघडून टाकी बाहेर काढली, दांडी ओढून ती उभी केली. मग हातमोज्यांचा दुसरा जोड घेऊन गाडीच्या दारात आला.

"बाबा, आज तुम्ही करता का?"

मी तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, तशी मी ते पुन्हा मिटलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत हे फार वेळा घडलेलं नाही.

बाबा उठले. हातमोजे घातले, ते कोपरापर्यंत नीट ओढून घेतले. कंबर दुखत होती तरी टाकीची दांडी त्यांनीच धरली. चाकं असल्यामुळे ओझं असं नव्हतं. नवरा शेजारून चालत होता. मी मागून निघाले, कारण माझ्याने गाडीत बसवेना.

"हे नळकांडं फिरवायचं, मग तोंड त्या भोकावर धरायचं," नवरा सांगत होता. "आणि ओतताना अंगठ्याने हे बटण दाबून ठेवा. हवा आत जाते. नाहीतर उचंबळतं आणि बुटांवर येतं. मागे एका सहलीत माझ्या आलंय."

"बुटांवर?"

"बुटांवर, पँटवर. तुमच्या मुलीने मला तासभर गाडीत घेतलं नव्हतं."

बाबांनी बटण दाबून टाकी तिरकी केली. टाकीतल्या औषधाने निळसर झालेलं पाणी घळाघळा गेलं. वास व्हायचा तो झाला. बाबांनी नाक मुरडलं नाही, बँकेच्या नोकरीत कॅश मोजताना असायचा तसा चेहरा करून ते शेवटपर्यंत ओतत राहिले. नवऱ्याने नळ सोडला, बाबांनी टाकी भरून खळखळवली, पुन्हा ओतली.

मग ते थांबले. रिकामी टाकी हातात तशीच.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "मी तर दोन दिवस गाडीत गेलोच नाही. मग ही भरली कशी?"

नवरा हसला. "आम्ही दोघं होतो ना. पाणी तर आम्हीही वापरतो."

"म्हणजे यात माझं काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं. सगळं तुमच्या मुलीचं आणि माझं."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्या सिमेंटच्या ओट्याकडे, मग माझ्याकडे. त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं कळ आली, पण ते हसत होते. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नवराही हसायला लागला. त्या रिकाम्या गुरांच्या बाजारामागे सासरा आणि जावई हातमोजे घालून टाकीच्या दोन बाजूंना हसत उभे होते आणि मला दोघांबद्दलही इतकी माया दाटून आली की मी उगाचच ओट्याचं झाकण लावायला वाकले.

टाकी परत जागेवर बसवली. बाबांनी हातमोजे उतरवले, हात साबणाने दोनदा धुतले आणि माझ्याकडे बाटली मागितली. उभ्यानेच, मान वर करून, वरून धार धरून ते प्यायले. अर्धी बाटली संपली तेव्हा दम घेतला. मग उरलेलीही संपवली. मी दुसरी भरून हातात दिली, तीही त्यांनी घेतली. उन्हाला बसून ते ती घोटाघोटाने पीत होते आणि नवरा हातमोजे काढायचंही विसरून त्यांना कुत्र्यांच्या प्रदर्शनातली कुत्री कशी होती ते सांगत होता. अर्ध्या-पाऊण तासाने बाबा म्हणाले, जड वाटायचं कमी झालंय. मी तरीही नाडी पाहिली, पोटावर दाबून पाहिलं, चार प्रश्न विचारले. त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली, म्हणजे खरंच बरं वाटत होतं.

मग ते उठले, पँट झटकली आणि नवऱ्यासमोर येऊन उभे राहिले.

"आता पुढच्या वेळी तू उचल," म्हणाले, आणि गाडीत चढले. आतलं अरुंद दार लागल्याचा आवाज आला. कडीही घातली.

नवरा तसाच उभा होता. त्या 'तू'साठी तो किती वर्षं थांबला होता हे मला माहीत होतं. मी त्याचा हात धरायला गेले, तर त्याने तो मागे घेतला.

"थांब," तो म्हणाला. "हातमोजे काढू दे आधी."