शंकरपटात धावलेलं घड्याळ

बायको वारली त्या वर्षी मी मंगरूळपीरला मास्तर होतो. भरधाव प्रवाशाचा काळ हळू चालतो, दूरच्या ताऱ्यांवरचे शहाणे जीव याच युक्तीनं म्हातारं न होता इथवर येत असतील, असं मी पारावर रंगवून सांगायचो. पुरावा म्हणून शंकरपटाच्या शर्यतीत माझं घड्याळ बैलजोडी हाकणाऱ्या शेजाऱ्याच्या खिशात घातलं. ते चार मिनिटं मागे पडून आलं. हादऱ्यांनी मध्येच थांबलं असणार, पण मी ऐटीत विजय जाहीर केला.

शेजारी म्हणाला, “मास्तर, ते वापस जातीन तवा त्याईच्या घरी कोन राहीन?”

“कोनीच नाही. म्हनून बायकापोरं संगच आनत असतीन.”

“मंग खरंच शायने हायेत.”

सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन काटे पुढे केले. उशीर काहून झाला, हे विचारायला कोणी नव्हतं.